तीन ऑप-अँपवर विकलक समीकरण कसं सोडवायचं?

स्प्रिंगला टांगलेलं वजन खाली ओढून सोडलं की हेलकावे खात हळूहळू थांबतं. त्याचं समीकरण ब्रेडबोर्डवर, ऑप-अँप (ऑपरेशनल अँप्लिफायर) या व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटने सोडवू: क्ष″ + ०.२१ क्ष′ + क्ष = ०. क्ष म्हणजे वजन मधल्या जागेपासून किती सरकलं ते, क्ष′ त्याचा वेग, क्ष″ त्याचं त्वरण. १ सेंटीमीटर म्हणजे १ व्होल्ट धरा.

आधी सर्वांत वरच्या कोटीचं पद एकटं काढा: क्ष″ = −क्ष − ०.२१ क्ष′. आता क्ष″ हातात आहे असं समजा. एकदा संकलन (इंटिग्रेशन) केलं की क्ष′, पुन्हा केलं की क्ष. या दोघांची बेरीज सुरुवातीला नेऊन जोडली की उसना घेतलेला क्ष″ फिटला! ऑप-अँपमधलं ‘ऑपरेशनल’ म्हणजे अशाच गणिती क्रिया. नाव १९४७ सालचं, व्होल्टेजवर गणित करणाऱ्या अॅनालॉग संगणकांच्या जमान्यातलं. डिफरन्शिएटर (विकलन करणारं सर्किट) लावून उलट्या वाटेने जाऊ नका, तो वायरींमधली सगळी खरखर मोठी करतो.

टीएल ०८४ घ्या, एका चिपमध्ये चार ऑप-अँप असतात. खणात ७४१ हा जुना ऑप-अँप पडलेला असला तरी तो नको: त्याचा इनपुट करंट ८० नॅनोअँपिअरच्या घरात, म्हणजे १ मेगओहमवर ८० मिलिव्होल्टची चूक. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपासून +९, ०, −९ मिळवा; +९ पिन ४ ला, −९ पिन ११ ला. वापरातले सगळे प्लस इनपुट ग्राउंडला.

‘अ’ आणि ‘ब’ हे इंटिग्रेटर, म्हणजे संकलन करणारे ऑप-अँप. दोघांच्याही आउटपुटपासून मायनस इनपुटपर्यंत १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा. व्होल्टेज दोन्ही बाजूंना झुलतं, म्हणून इलेक्ट्रोलिटिक चालणार नाही. ‘अ’चं आउटपुट १ मेगओहममधून ‘ब’च्या मायनसला. इंटिग्रेटर चिन्ह उलटवतो, त्यामुळे ‘अ’वर −क्ष′ आणि ‘ब’वर क्ष मिळतो. ‘क’ हा १०० किलोओहमच्या दोन रोधांचा साधा इन्व्हर्टर. तो क्षचा −क्ष करतो. हा −क्ष १ मेगओहममधून, आणि −क्ष′ ४.७ मेगओहममधून ‘अ’च्या मायनसला आणा. १ भागिले ४.७ म्हणजेच आपला ०.२१.

पहिल्यांदा मी ‘क’ला फाटा देऊन क्ष थेट परत जोडला होता. आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटलं ते चिकटलंच. बिचाऱ्या चिपची चूक नव्हती; मीच तिला क्ष″ = +क्ष सोडवायला दिलं होतं.

सुरुवातीची स्थिती द्यायला डबल-पोल स्विच लागतो. एक पोल ‘अ’चा कपॅसिटर १०० ओहममधून शॉर्ट करतो, म्हणजे वेग शून्य. दुसरा दोन पेन्सिल सेलचे ३ व्होल्ट १ किलोओहममधून ‘ब’च्या कपॅसिटरवर ठेवतो, धन टोक आउटपुटकडे. ‘ब’च्या आउटपुटला मल्टिमीटर लावा आणि स्विच उघडा. ३ वरून आकडा शून्य ओलांडून −२.१ पर्यंत उतरेल आणि साधारण ६.३ सेकंदांनी १.५ वर परतेल. पुढच्या फेरीत त्याच्याही निम्मा.

४.७ ऐवजी १० मेगओहम लावला तर हेलकावे जास्त वेळ टिकतात. ऑसिलोस्कोप असेल तर दोन्ही कपॅसिटर १० नॅनोफॅरडचे करा. तेच उत्तर शंभरपट वेगाने, १६ हर्ट्झच्या आसपास दिसेल.