कोरलवरच्या किडी आणि त्यांच्या अंड्यांचा हिशेब

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतली हिरवी ॲक्रोपोरा (फांद्यांचं कोरल, म्हणजे प्रवाळ) तीन आठवडे फिकट होत गेली आणि मी तीन आठवडे पाणीच तपासत बसले. नायट्रेट ठीक, फॉस्फेट ठीक, अल्कलिनिटी 8 डीकेएच (ती मोजायचं एकक), म्हणजे तीही ठीक. प्रकाश जास्त होत असेल म्हणून दिवाही मंद केला. शेवटी एका रात्री वैतागून फांद्यांवर पिचकारीने जोरात पाणी मारलं, तर पापुद्र्यासारखं काहीतरी सुटलं आणि वाहत जाता जाता वळवळलं. चपटा कृमी! रंग थेट कोरलचाच, त्यामुळे डोळ्यांसमोर असूनही दिसत नव्हता.

तेव्हा आधी कीड ओळखा. चपटा कृमी ॲक्रोपोरावर गोलसर फिकट चट्टे सोडतो, जणू कुणी पंचिंग मशीन फिरवलंय. मॉन्टिपोरा (दुसरं एक कोरल) कडेने पांढरी पडत चालली असेल तर ती उलटी करून पाहा. खालच्या बाजूला काही मिलिमीटरची, झालरीसारखी पांढरी न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) सापडते. ॲक्रोपोराचे पॉलिप (तिच्यावरचे इवले जिवंत जीव) दिवसभर मिटलेले राहतात, पण चट्टे नाहीत, अशा वेळी भिंगातून बघा: अर्ध्या मिलिमीटरचे पिवळे ठिपके आणि प्रत्येकावर लाल टिकली, म्हणजे रेड बग. हा खरं तर कोपेपॉड, कोळंबीचा दूरचा भाऊबंद. झोअँथिड (बटणांसारखं दिसणारं मऊ कोरल) खाणारी न्यूडिब्रँक तर ज्या कॉलनीवर जेवते तिच्यासारखीच दिसते. टाकीचे दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांनी टॉर्च घेऊन बसलात तर बरंच कळतं.

आता डिप, म्हणजे कोरल थोडा वेळ औषधी पाण्यात बुडवून काढणं. टाकीतलंच पाणी घेऊन तीन पांढरे डबे भरा. पांढरेच, कारण तळाला काय पडलं ते मोजायचं असतं. पहिल्यात कोरल डिपचं औषध बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला, उरलेले दोन धुण्यासाठी. कोरल औषधात ठेवून दर मिनिटाला पिचकारीने फांद्यांच्या बेचक्यांत पाणी मारत राहा. नुसतं भिजवून ठेवलं तर कृमी चिकटूनच राहतात. वेळ बाटलीवर असेल तेवढीच. दोन मिनिटं जास्त ठेवली की जास्त गुण येतो हा माझाही समज होता, आणि एका नाजूक फ्रॅगची (कोरलच्या कापलेल्या तुकड्याची) कातडी सुटून आल्यावर तो गेला. काही जण बागेतलं कीटकनाशक इमिडाक्लोप्रिड वापरतात. कृमी मरतात, पण त्या औषधाचे अवशेष टाकीत गेले तर कोळंब्या आणि खेकडेही जातात. त्यामुळे ते वापरायचं तर धुण्याचे डबे वाढवा, आणि ते पाणी बाहेरच्या गटारात किंवा तळ्यात ओतू नका. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते जखमेतून किंवा डोळ्यांतून गेलं तर माणसाला दवाखान्यात जावं लागतं.

डबा तळाला मेलेल्या कृमींनी भरला की फार बरं वाटतं. मलाही वाटलं. पण औषध अंड्यांच्या कवचातून आत जात नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. चपट्या कृमीची अंडी सोनेरी-तपकिरी, एकमेकींना खेटून घातलेली, आणि बहुतेक वेळा जिवंत मांसावर नसतात. मेलेल्या उघड्या सांगाड्यावर, बुंध्याशी, प्लगच्या (फ्रॅग चिकटवायच्या छोट्या चकतीच्या) कडेला असतात. म्हणून डिपनंतर फ्रॅग प्लगवरून कापून काढा, बुंध्याचा मेलेला भाग हाडकटरने छाटा, राहिलेली अंडी दाताच्या डॉक्टरकडे असते तसल्या टोकदार सळईने खरवडा, आणि नव्या प्लगवर सुपरग्लू जेलने बसवा. जुना प्लग फेकून द्या. उकळून वापरू म्हणत मी एक ठेवला होता, तो अजून कुठल्या तरी डब्यात पडून असेल.

नजरेतून सुटलेली अंडी पुढच्या दिवसांत फुटतात. पिल्लं मोठी होऊन पुन्हा अंडी घालायच्या आत ती मारायची. मी दर सहाव्या दिवशी डिप देते, सलग सहा आठवडे. पहिल्या खेपेला चौथ्या डिपनंतर तळाला काहीच पडलं नाही, म्हणून पाचवा टाळला. पंधरा दिवसांत पुन्हा चट्टे, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. आता कॅलेंडरवर खुणा करून ठेवते.

हे सगळं वेगळ्या टाकीत करायचं. तिला वाळू नको, दगड नको. हीटर, पंप आणि दिवा पुरे. मुख्य टाकीत एकही ॲक्रोपोरा उरली नाही की तिथल्या कृमींना खायला काही राहत नाही. दगडावर पसरलेला तुकडा राहिला तर मात्र सगळी मेहनत वाया. तो दगडच बाहेर काढा, नाहीतर छिन्नीने उडवा. यलो कोरिस किंवा सिक्स-लाइन रास हे मासे सुटे कृमी टिपतात, संख्या दाबून ठेवतात, पण फांद्यांच्या आतल्या अंड्यांपर्यंत त्यांचं तोंड पोचत नाही.

रेड बगसाठी काही जण पूर्ण टाकीत मिल्बेमायसिन ऑक्झाइम घालतात, कुत्र्यांच्या हार्टवर्मवरचं औषध. त्याने कोळंब्या, खेकडे आणि दगडांतले ॲम्फिपॉडही (कोळंबीसारखे बारीक जीव) मरतात. मी त्या वाटेला गेले नाही. कोरल कमी होती, डिपने भागलं.

सध्या वेगळ्या टाकीत एक जांभळी मॉन्टिपोरा आहे. वरून अगदी निरोगी, खाली अंड्यांची एक छोटी गुंडाळी सापडली होती. तिसरा डिप परवा.