द्वेषमूलक भाषेचा अभ्यास करताना या चुका टाळा

मुंबईत समाजमाध्यमांवरील द्वेषमूलक भाषेवर प्रकल्प हाती घेणारे विद्यार्थी बहुधा अपमानकारक शब्दांच्या यादीपासून सुरुवात करतात आणि पहिली चूक तिथेच होते. आमच्या एका गटाने यादीत ‘भय्या’ हा शब्द घातला होता. संगणकाने नोंदी वेचल्या, तेव्हा ‘भय्या, कोथिंबिरीची जुडी केवढ्याला?’ हे वाक्य द्वेषाच्या रकान्यात जाऊन बसले. उलट ‘फ्लॅट खुशाल विका, पण आपल्यातल्यांनाच’ हे वाक्य निर्दोष ठरले, कारण यादीतला एकही शब्द त्यात नव्हता. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील 5 जणांचा जीव घेतला, तो मुले पळवणारी टोळी फिरते आहे या अफवेवरून. अशा अफवेत शिवी असावीच लागत नाही.

म्हणून शब्दाबरोबर प्रसंगही नोंदवावा. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने 2012 मध्ये तयार झालेल्या रबात कृती आराखड्यात त्यासाठी सहा निकष दिले आहेत: संदर्भ, बोलणाऱ्याचे स्थान, हेतू, मजकूर व त्याचे स्वरूप, पोहोच आणि हानी घडण्याची शक्यता. मात्र हे निकष फौजदारी कारवाईस पात्र ठरणाऱ्या चिथावणीसाठी आहेत. प्रत्येक टोमण्याला ते लावत बसलो, तर बहुतेक दुखावणारी भाषा अभ्यासातून गळून पडेल.

दुसरी चूक अधिक नकळत होते. एकच मजकूर तिघांनी वाचून वर्ग ठरवायचा आणि मतभेद झाल्यास बहुमत धरायचे, अशी सर्रास पद्धत आहे. ‘हे लोक आले की वस्ती बिघडते’ या वाक्याला दोघांनी ‘तक्रार’ म्हटले आणि एकाने ‘द्वेष’ म्हटले, तर आपण दोघांचे ऐकतो. पण तो तिसरा वाचक ‘हे लोक’ म्हणवल्या जाणाऱ्या समाजातला एकटाच असेल, तर आपण नेमके जाणत्याचेच मत पुसून टाकलेले असते. प्रत्येकाचे मत स्वतंत्र रकान्यात जपावे. दोन-दोन वाचकांत किती एकमत आहे हे मोजणाऱ्या ‘कोहेनच्या कप्पा’चा आकडा कमी आला, की वाचक बदलण्याची घाई होते; त्याआधी वाचकांना दिलेले सूचनापत्रक तपासावे आणि वादाची वाक्ये एकत्र बसून मोठ्याने वाचावीत. उपरोध पुष्कळदा असा वाचतानाच लक्षात येतो. (या बैठका लांबतात आणि चहाचा खर्च वाढतो, हे मान्य.)

गुन्ह्यांच्या नोंदी शोधताना एक साधी गोष्ट सुटते. 1 जुलै 2024 पासून समाजगटांत वैर पसरवण्याच्या गुन्ह्यासाठी असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम 153-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 ने घेतली आहे. एकाच क्रमांकाने शोधल्यास आलेख अकारण कोसळलेला किंवा उसळलेला दिसतो.

प्रतिकाराच्या बाजूला सर्वांत प्रचलित चूक म्हणजे निषेधासाठी मूळ मजकुराचा स्क्रीनशॉट फिरवणे. ज्यांच्यापर्यंत तो पोहोचला नव्हता, त्यांच्या हाती आपणच तो देतो. खरी माहिती आधी सांगावी, अफवेचा उल्लेख एकदाच आणि मोघम करावा.

याहून मोठी चूक म्हणजे प्रतिकार भडका उडाल्यावरच सुरू होतो असे गृहीत धरणे. 1984 च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 मध्ये पोलीस आणि स्थानिक रहिवासी यांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. समित्यांमुळेच शांतता टिकली, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, कारण तुलनेसाठी दुसरी भिवंडी उपलब्ध नाही. परंतु मधल्या निवांत वर्षांत काय घडत होते, हे विचारता येते. मुंबईतील मोहल्ला समिती चळवळ त्या दंगलींनंतर उभी राहिली. तिच्या जुन्या सदस्यांना भेटाल, तेव्हा दंगलीच्या आठवणींनी सुरुवात करू नका. बैठक किती दिवसांनी भरे, कोणाच्या ओट्यावर भरे, नळाच्या भांडणात कोण मध्यस्थी करी आणि अफवा कानावर आली की पहिला निरोप कोणाकडे जाई, हे विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.