व्हिडिओची फाईल लहान करताना या चुका टाळा

एक्स्पोर्ट केलेली फाईल मोठी झाली की बहुतेकजण आधी रिझोल्यूशनला हात घालतात. १०८०पीचं ७२०पी करतात, चित्र मऊ पडतं आणि फाईल मात्र जवळपास तेवढीच राहते. कारण आकार ठरतो तो बिटरेटवर, म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक सेकंदाला किती डेटा खर्च होतो त्यावर. सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट, म्हणजेच मिनिटाला ६० एमबी. हाच बिटरेट कायम ठेवलात तर रिझोल्यूशन कितीही उतरवा, मिनिटाला ६० एमबीच्या आसपासच होणार.

म्हणून हिशोब उलट बाजूने करा. समजा, तीन मिनिटांचा व्हिडिओ २५ एमबीत बसवायचा आहे. २५ गुणिले ८ म्हणजे २०० मेगाबिट. (बिट आणि बाइटची गल्लत सर्वात जास्त इथेच होते.) त्याला १८० सेकंदांनी भागलं की साधारण ११०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) येतात. त्यातून आवाजाचे १२८ वजा करा, थोडी जागा राखा आणि व्हिडिओला ९०० द्या. एवढ्यात १०८०पीचं चित्र जरा हालचाल झाली की चौकोन चौकोन दिसू लागतं. रिझोल्यूशन कमी करायचं ते आता. आकाराची मर्यादा अशी पक्की असेल तेव्हा टू-पास एन्कोडिंग (आधी पूर्ण व्हिडिओ तपासून मग दाबणं) निवडा. वेळ जास्त लागतो, पण अवघड दृश्यांना बिटरेटचा योग्य वाटा मिळतो.

मर्यादा नसेल तर बिटरेट ठरवत बसू नका. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट क्वालिटीचा स्लायडर असतो. एच.२६४ या प्रचलित कोडेकसाठी (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबण्याची पद्धत) तो २० ते २४ च्या दरम्यान ठेवा. इथे आकडा वाढला की फाईल लहान होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साधारण ६ ने वाढवला की आकार निम्म्यावर येतो.

कॉम्प्रेस करूनही फाईल मूळ फाईलपेक्षा मोठी झाली? मग मूळ फाईल आधीच दाबलेली असणार आणि तुम्ही क्वालिटीचा आकडा फार खाली ठेवला असणार. एन्कोडर (व्हिडिओ दाबणारा प्रोग्रॅम) मग आधीच्या कॉम्प्रेशनचे डागसुद्धा इमानेइतबारे जपत बसतो. दाबलेली कॉपी पुन्हा दाबण्यापेक्षा प्रोजेक्ट उघडून नव्याने एक्स्पोर्ट करणं केव्हाही चांगलं. प्रोजेक्ट डिलीट करायची घाई म्हणूनच करू नये.

कमी उजेडात शूट केलेलं फुटेज तर खास त्रास देतं. एन्कोडर मागच्या फ्रेमवरून पुढची फ्रेम ओळखतो आणि फक्त बदल साठवतो. नॉइजचे, म्हणजे कमी उजेडात चित्रावर उठणारे बारीक ठिपके मात्र प्रत्येक फ्रेमला बदलतात, त्यामुळे स्थिर भिंतसुद्धा त्याला हलती वाटते आणि बिटरेट तिथेच खर्ची पडतो. एक्स्पोर्टआधी हलकं डीनॉइज केलं, म्हणजे हे ठिपके थोडे पुसले, तर आकारात मोठा फरक पडतो. माझ्या मते सर्वात दुर्लक्षित उपाय हाच आहे.

फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) शूट केला तोच ठेवा. ३० चं ६० केल्याने हालचाल खरोखर सुधारत नाही, फ्रेम मात्र दुप्पट होतात. फाईल झिप करूनही काही हाती लागत नाही, कारण व्हिडिओ आधीच कॉम्प्रेस केलेला असतो. एमओव्हीचं नाव बदलून एमपी४ केल्याने आतला कोडेक बदलत नाही.

एच.२६५ या नव्या कोडेकमध्ये तीच क्वालिटी बऱ्याच लहान फाईलमध्ये मिळते. पण जुन्या फोनवर आणि काही ब्राउझरमध्ये ती चालत नाही. आवाज येतो, पडदा काळा. समोरच्याकडे कोणतं उपकरण आहे हे माहीत नसेल तर एमपी४ मध्ये एच.२६४ च द्या.

शेवटी, फाईल जाणार कुठे ते बघा. यूट्यूब तुमची फाईल स्वतः पुन्हा एन्कोड करतं, त्यामुळे तिथे जास्त दाबून पाठवू नका; १०८०पी, ३० फ्रेमसाठी त्यांची शिफारस सेकंदाला ८ मेगाबिटची आहे. व्हॉट्सअॅपही व्हिडिओ दाबतं; क्वालिटी टिकवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पूर्ण व्हिडिओ एक्स्पोर्टला लावण्याआधी सर्वात जास्त हालचाल असलेले वीस सेकंद काढून तेवढेच एक्स्पोर्ट करून पाहा. तिथे चित्र टिकलं तर बाकीच्या व्हिडिओलाही तीच सेटिंग चालेल.