बिघडलेला टीव्ही: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

टीव्ही बंद पडला की ‘किती वर्षे झाली याला?’ हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो आणि बहुतेक घरांत निर्णय तिथेच होऊन जातो. वास्तविक टीव्हीच्या वयापेक्षा त्याचा कोणता भाग गेला आहे, यावर हा निर्णय अधिक अवलंबून असतो. तीन वर्षांच्या टीव्हीचे पॅनेल, म्हणजे चित्र उमटणारा काचेचा पडदा, फुटले असेल तर त्यावर खर्च करणे सहसा परवडत नाही. उलट आठ वर्षांच्या टीव्हीची केवळ बॅकलाइटची, म्हणजे पडद्यामागून उजेड देणाऱ्या दिव्यांची, पट्टी गेली असेल तर तो थोडक्या पैशांत पुन्हा चालू होतो.

म्हणून मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी घरीच थोडी पाहणी करावी. चित्रात पट्टे येत असतील किंवा रंग बिघडले असतील, तर रिमोटने टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडावा. मेनू स्वच्छ दिसला तर दोष बहुधा सेट-टॉप बॉक्समध्ये किंवा वायरीत असतो. मेनूवरही तेच पट्टे उमटले तर दोष टीव्हीतच आहे. स्मार्ट टीव्ही लोगोवर अडकत असेल तर प्लग काढून दहा मिनिटांनी पुन्हा लावून पाहावा. आवाज येतो पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरावा. अंधूक चित्र हलताना दिसले तर पॅनेल शाबूत असून बॅकलाइट गेलेला असतो. मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही काळ विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

बॅकलाइट हा नेहमी आढळणारा आणि दुरुस्तीस सर्वांत योग्य असा बिघाड आहे. पट्टीवरचे एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असल्याने त्यांतील एक गेला तरी पुष्कळदा सगळा पडदा काळा होतो. मेकॅनिक एकच एलईडी बदलून देण्याची तयारी दाखवेल. तरीही पूर्ण पट्ट्यांचा संच बदलून घ्यावा, कारण उरलेले एलईडीही तितकेच वापरलेले असतात आणि काही महिन्यांनी तेच काम पुन्हा निघते. या कामासाठी पातळ पॅनेल उचलून बाजूला ठेवावे लागते, तेव्हा ते तडकल्यास भरपाई कोण देणार हे आधीच बोलून घ्यावे. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण खरा कारागीर त्याने दुखावत नाही. दुरुस्तीनंतर सेटिंगमधील बॅकलाइट निम्म्यावर आणून ठेवल्यास नव्या पट्ट्या अधिक टिकतात.

स्टँडबायचा लाल दिवाही लागत नसेल तर प्रथम पॉवर सप्लाय बोर्डाचा संशय घ्यावा. तो बहुधा सुटे भाग बदलून कमी खर्चात दुरुस्त होतो. चित्र, आवाज आणि ॲप सांभाळणारा मुख्य बोर्ड गेला असल्यास मात्र विचार करावा लागतो. जुन्या मॉडेलचा मूळ बोर्ड मिळेलच असे नाही, आणि अनेक मॉडेलना चालणारा युनिव्हर्सल बोर्ड बसवल्यास चित्र येते, पण स्मार्ट सुविधा जाण्याची शक्यता असते. केवळ ॲप चालेनाशी झाली असतील, तर टीव्ही बिघडला आहे असे समजू नये. एचडीएमआय पोर्टला लावायची, ॲप चालवणारी स्टिक तेवढ्यासाठी पुरेशी असते.

पॅनेल फुटले असेल तर माझ्या मते चर्चा तिथेच थांबवावी, कारण नव्या पॅनेलची किंमत बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जाते. उभे पट्टे ‘बाँडिंग’ करून, म्हणजे पॅनेलच्या कडेच्या सुटलेल्या जोडण्या पुन्हा चिकटवून, घालवता येतात, असे काही ठिकाणी सांगितले जाते. लेखी हमी मिळत नसेल तर त्यात पैसे घालू नयेत.

सांगली जिल्ह्यात आणखी दोन कारणे ध्यानात ठेवावी लागतात. तासगाव, जत, आटपाडीकडे वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा धक्का पुष्कळदा डिशच्या किंवा केबलच्या तारेतून आत येतो, आणि एचडीएमआय पोर्टसह मुख्य बोर्ड जळतो. अशा वेळी सेट-टॉप बॉक्सही तपासून घ्यावा, आणि पुढे ढग दाटून आले की प्लगसोबत ही तारही काढून ठेवावी. दुसरे कारण कृष्णेचा पूर. २०१९ आणि २०२१ प्रमाणे पाणी घरात शिरले आणि टीव्ही गाळात बुडाला, तर तो ‘चालतो का’ हे पाहण्यासाठीही लावू नये. वाळवून तो सुरू झाला तरी आतला गंज नंतर डोके वर काढतो, त्यामुळे असा टीव्ही बदलणेच शहाणपणाचे ठरते. पंचनाम्यासाठी आणि विम्यासाठी त्याची छायाचित्रे मात्र काढून ठेवावीत.

हिशेब करताना आपण तेव्हा मोजलेली किंमत विसरून आजची किंमत धरावी. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. दुरुस्तीचा खर्च आजच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर दुरुस्ती करावी, निम्म्याहून अधिक असेल तर नवा घ्यावा. खर्च या दोहोंच्या मध्ये असेल तर मात्र टीव्हीचे वय खरोखर विचारात घ्यावे. नवा टीव्ही वीज वाचवतो, हे विक्रेत्याचे म्हणणे एलईडीच्या जागी एलईडी घेताना फारसे उपयोगाचे नाही: २० वॅटचा फरक आणि रोजचे पाच तास धरले तरी वर्षाला सुमारे ३६ युनिट वाचतात.

वॉरंटी शिल्लक असल्यास बाहेरच्या माणसाला टीव्ही उघडू देऊ नये. सेवा केंद्र दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. इतर वेळी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि काढलेला भाग परत मागावा. खेडेगावातून सांगली-मिरजेला टीव्ही न्यायचा असेल तर तो उभाच न्यावा, कारण गाडीत आडवा टाकलेला टीव्ही साध्या बिघाडानिशी निघतो आणि फुटक्या पॅनेलनिशी पोहोचतो.

नवा घेण्याचे ठरल्यास जुना टीव्ही भंगारात न टाकता दुकानदाराच्या एक्स्चेंजमध्ये किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. पडदा बंद असल्याने त्यावरून लॉगआउट करता येत नसेल, तर मोबाइलवरून त्या त्या खात्यात जाऊन तो टीव्ही उपकरणांच्या यादीतून काढावा आणि मगच तो हातातून सोडावा.