पिलरवरच्या घरात मेन स्विच कुठे लावायचा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझ्या काकांचं घर तसं वाचलं, पिलरवर आहे ना, वरच्या खोल्या कोरड्या राहिल्या, पण मीटर आणि मेन स्विच दोन्ही खाली पार्किंगच्या पिलरला छातीएवढ्या उंचीवर, आणि काका जिन्यात उभं राहून पाणी त्या पेटीकडे चढताना बघतायत, उतरून बंद करायची सोय नाही आणि घरात लाईट चालू. पाणी ओसरल्यावर मीटरच्या काचेच्या आतून चिखलाची आडवी रेघ दिसत होती. म्हणून कळकळीने सांगतो, ही जागा प्लॅनवरच ठरवा, वायरमन आल्यावर बघू म्हणू नका.

आधी पाण्याची खूण शोधा. शेजारच्या जुन्या भिंतींवर २००५ आणि २०२१ च्या खुणा सापडतात, खाडीकाठी असाल तर उधाणाची भरती आणि जोराचा पाऊस एकदम आला की पाणी कुठवर येतं ते जुन्या माणसांना विचारा. सगळ्यात वरची खूण धरून पेटीचा तळ तिच्याही दोन-अडीच फूट वर ठेवा, हा आकडा नियमातला नाही, माझा आहे.

पण नुसतं उंच लावून भागत नाही, हात पण पोचला पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत हेच आहे, सप्लाय जिथे सुरू होतो त्याच्या पुढे पण शक्य तितका जवळ, सहज हाताला येईल असा लिंक्ड स्विच किंवा ब्रेकर हवा आणि त्याने पूर्ण सप्लाय तुटला पाहिजे. लिंक्ड म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकदम तुटणारा. जुन्या घरांत दोन्ही वायरला वेगवेगळे किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे फ्यूज, असतात, त्यात नुसता न्यूट्रलचा उडाला तर बल्ब विझतो आणि लोकांना वाटतं लाईट गेली, पण फेज तसाच जिवंत असतो. ते काढूनच टाका.

उंचही आणि हातालाही, हे जमतं ते बाहेरच्या जिन्याच्या लँडिंगवर. अमेरिकेत किनाऱ्यावरच्या खांबांवरच्या घरांना हाच प्रश्न येतो, तिथला कोड म्हणतो स्विचचा दांडा उभं राहायच्या जागेपासून साधारण २ मीटरच्या वर नको, म्हणून जमीन नाही तर प्लॅटफॉर्म धरून उंची मोजतात. आपणही तसंच करू शकतो, मीटर आणि मेन स्विच दोन्ही लँडिंगच्या भिंतीला, वर पागोळीचं पाणी येणार नाही असं छोटं छप्पर, वायर पेटीत खालून घ्यायची म्हणजे पाणी वायरीवरून आत उतरत नाही. मीटर स्वतः हलवू नका, सील तुमचं नाही, महावितरणकडे शिफ्टिंगचा अर्ज करा आणि पुढचं काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच, टेस्ट रिपोर्ट मागून घ्या.

पेटी पत्र्याची नको, खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत बिजागऱ्या गळून पडतात, प्लास्टिकची वेदरप्रूफ घ्या. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, तिथे कनेक्शन तापतं, दरवर्षी आगोटीला स्क्रू आवळून घ्या. मेन स्विचच्या पुढे ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच, हवाच, त्याचं टेस्टचं बटण दाबून बघत जा.

अजून एक, मेन पाडला तरी इन्व्हर्टर चालूच राहतो! त्याची बॅटरी आणि स्विच वरच्या मजल्यावरच ठेवा, सोलर असेल तर त्याचा डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी लाईन तोडणारा स्विच, तोही तिथेच, उन्हात पॅनलमधून करंट येतच राहतो.

पाणी आधीच पेटीला लागलं असेल तर हात लावायचा नाही, १९१२ ला फोन करून सप्लाय बाहेरून बंद करून घ्या. बुडालेले एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारे स्विच), आरसीसीबी वाळवून परत लावू नका, बदलाच, आणि चालू करण्याआधी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, वायरिंगचं इन्सुलेशन तपासून घ्या, किमान १ मेगाओम आलं पाहिजे.

आणि घरात आजी असो की दहावीतली पोर, प्रत्येकाला एकदा लँडिंगवर नेऊन तो स्विच स्वतःच्या हाताने पाडायला लावा, काळोखात टॉर्च घेऊन.