वाचलेल्या पुस्तकावर मत सांगताना या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका घरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण जमतो. महिनाभरात वाचलेल्या एखाद्या कादंबरीबद्दल किंवा आत्मकथनाबद्दल प्रत्येकाने बोलायचं, एवढाच नियम. आठ वर्षं झाली. या काळात फार चांगल्या पुस्तकांवरची मतं चहाचा कप खाली ठेवेपर्यंत विसरली गेलेली मी पाहिली आहेत. आणि कुणाचं नावही ऐकलं नव्हतं अशा पुस्तकावर एखादी व्यक्ती असं बोलली, की सोमवारी तिघं जण ते शोधत मराठी ग्रंथ संग्रहालयात पोचले, हेही पाहिलं आहे. 1893 पासून उभ्या असलेल्या त्या संग्रहालयात जायला ठाणेकराला तसं निमित्त लागू नये, पण लागतं. ते निमित्त बहुतेक वेळा दुसऱ्या वाचकाचं मत असतं.

म्हणून मत नीट सांगता येणं मला महत्त्वाचं वाटतं. माझी कसोटी साधी आहे: तुमच्या मताशी समोरच्याला भांडता आलं पाहिजे. "मला खूप आवडलं" याच्याशी कोण भांडणार? पुस्तकातली जागा दाखवून बोललात, तर ऐकणारा ती जागा उघडून बघतो आणि म्हणतो, "मला तसं नाही वाटत." तिथून पुस्तकाबद्दलचं खरं बोलणं सुरू होतं. खालच्या बहुतेक चुका ही जागा न दाखवल्यामुळे होतात.

गोष्टच सांगत बसणं

पहिल्या वर्षी मी एका कादंबरीवर वीस मिनिटं बोलले. कोण कुणाचा भाऊ, वाडा कुणी विकला, धाकटी सून माहेरी का गेली, सगळं क्रमाने. शेवटी एका काकूंनी विचारलं, "अगं, त्यांचं सगळं कळलं. तुला काय वाटलं ते सांग ना." माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोष्ट सांगताना चुकायची भीती नसते, मत सांगताना असते, म्हणून आपण गोष्टीच्या आडोशाला उभे राहतो.

आता मी कथानकाला तीनच वाक्यं देते: माणूस कोण, कुठला, आणि कशात अडकला आहे. चहा गाळून होईपर्यंत गोष्ट संपली पाहिजे, असं माप ठेवा. तेवढ्यात सांगता येत नसेल, तर पुस्तक नेमकं कशाबद्दल आहे हे अजून आपल्याला उमगलेलं नाही असं समजावं आणि ते तसंच सांगावं. शेवट मात्र फोडू नका. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मत पुरं होत नसेल, तर आधी विचारा, कोण वाचणार आहे. ज्यांना वाचायचं आहे ते पाच मिनिटं स्वयंपाकघरात जातात. आमच्याकडे हे सर्रास चालतं.

विशेषणांवर भागवणं

"अप्रतिम", "अंगावर काटा आला", "एका बैठकीत संपवलं". यातलं काहीच खोटं नसतं. पण ते आपल्याबद्दल असतं, पुस्तक त्यात दिसत नाही. उलट बाजूची विशेषणंही तशीच: "रटाळ", "पसरट", "काही कळलं नाही".

आमच्यातला एक मुलगा रोज ठाण्याहून वाशीला लोकलने जातो आणि गाडीतच वाचतो. एकदा तो एका आत्मकथनाबद्दल म्हणाला, "आई फार सुंदर रंगवली आहे." मी म्हटलं, "कुठे दिसली तुला ती?" तो थोडा गोंधळला, पानं उलटत राहिला, मग एक परिच्छेद त्याने वाचून दाखवला. त्यातली आई रेशनकार्ड देवाच्या फळीवर पंचांगाखाली ठेवते आणि कुणी मागितलं तर आधी हात धुते, मग काढून देते. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. "सुंदर रंगवली" या दोन शब्दांत ही बाई कुठेच नव्हती. नंतर यावर वादही झाला. एकजण म्हणाली, यात गरिबीचं उगाच सोवळं केलंय. तिचं मत मला पटलं नाही, पण ते मांडता आलं कारण आता सगळ्यांसमोर तीच ओळ होती.

उपाय वाचतानाच करायचा. स्वतःचं पुस्तक असेल तर समासात पेन्सिलीची बारीक खूण. ग्रंथालयाचं असेल तर त्यावर रेघसुद्धा ओढू नये. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून पानांत घालाव्यात. तो मुलगा उभ्यानेच प्रवास करतो, म्हणून मोबाइलमध्ये फक्त पानाचा आकडा आणि एक शब्द लिहितो: "112 हात", "140 खोटं". बोलायच्या आदल्या रात्री सगळ्या खुणा पाहून दोनच निवडायच्या. चार वाचून दाखवल्या की ऐकणारे थकतात.

आत्मकथनातल्या माणसांवर खटला चालवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती चांगल्या मनाने होते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर आम्ही एक शनिवार ठेवला होता. पहिला तास रेव्हरंड टिळकांवरच गेला. त्यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा बायकोचा विचार केला का, ते इतके तापट कसे, तिने एवढं सोसलं कसं. सगळे प्रश्न रास्त होते, पण पुस्तक बाजूलाच राहिलं. मग एकीने मुद्दा काढला: एवढं सगळं सोसलेली बाई ते सांगताना हसवते कशी? शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर लिहा-वाचायला शिकलेल्या बाईची वाक्यं अशी चटपटीत का? दुःखाच्या ऐन जागी ती एखादी गंमत सांगून पुढे का जाते? तिथून पुढे आम्ही लक्ष्मीबाईंबद्दल बोलू लागलो.

आत्मकथनातली माणसं खरी असतात, त्यामुळे आपण त्यांना शेजारीपाजाऱ्यांसारखं तोलू लागतो. नवरा वाईट, सासू कजाग, मुलाने असं वागायला नको होतं. जगणं जगून झालेलं असतं. आपल्या हातात असतं ते सांगणं. काय सांगितलं, काय गाळलं, कुठे घाई केली, स्वतःची चूक सांगताना आवाज बदलला का, हे बघा. जो स्वतःला कधीच वाईट दिसू देत नाही त्याच्या आठवणींवर मी थोडी सावधपणे विश्वास ठेवते, आणि तसं म्हणते.

"हे खरं असेल कशावरून?" हा प्रश्न आला तर तो झटकू नका. चाळीस वर्षांपूर्वीचं संभाषण कुणालाही शब्दशः आठवत नाही. ते लिहिताना पुन्हा घडवलेलं असतं. सांगणारा त्या वेळी किती वर्षांचा होता, तिथे हजर होता की ऐकीव सांगतोय, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उलगडतं. पुस्तक कुणाच्या हातचं आहे तेही पाहावं. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' त्यांनी सांगितलेलं आहे आणि शब्दांकन अरुण साधूंचं आहे. "काय भाषा आहे बाईंची" असं म्हणण्याआधी हे माहीत असावं. मग बोलण्याचा ठेका बाईंचा कुठे वाटतो आणि मांडणी साधूंची कुठे वाटते, असा जास्त रंगतदार प्रश्न हाती येतो.

दुसरी अडचण दयेची. "किती भोगलं हो यांनी, वाचवत नाही" हे दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांबद्दल फार ऐकू येतं. आमच्याकडे एकदा दोघी-तिघींनी ओळीने म्हटलं, "आम्हाला हे माहीतच नव्हतं." त्यावर एक दादा शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्हाला ते नवीन आहे. मी हे घरात ऐकत वाढलो. मला त्यात दुसरं दिसलं." मग ते दया पवारांच्या 'बलुतं'बद्दल बोलले. 1978 च्या त्या पुस्तकात लेखकाने स्वतःचेच दोन भाग केले आहेत: दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. शिकून पांढरपेशा झालेल्या माणसाने आपल्याच मागे राहिलेल्या माणसाला समोर बसवून बोलतं केलं, हे दादांना सगळ्यात जास्त भिडलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पुस्तक वाचलं होतं आणि ही गोष्ट आमच्या नजरेतून निसटली होती. कळवळ्याच्या भरात आम्ही लेखकाला लेखक म्हणून पाहिलंच नव्हतं. ते मला अजूनही बोचतं.

म्हणून "माहीत नव्हतं" हे जरूर म्हणा, पण ते आपल्याबद्दलचं वाक्य आहे हे ओळखून तिथे थांबू नका. पुढचं वाक्य पुस्तकाबद्दलचं असू द्या.

कादंबरीतल्या 'मी'ला लेखक समजणं

हे उलट दिशेने घडतं. 'कोसला' 1963 साली आली. तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे; भालचंद्र नेमाडेही तेव्हा पंचविशीचेच होते आणि त्यांचं गाव सांगवी. गल्लत होणं स्वाभाविक आहे. पण "नेमाडे वडिलांबद्दल असं कसं बोलतात" असं म्हटलं की कादंबरी हातातून गेलीच. सांगवीकर रागावतो, वाढवून सांगतो, स्वतःलाही फसवतो, आणि लेखक त्याला तसं करू देतो. "निवेदक म्हणतो" असं म्हणायची सवय लावून घ्या. सुरुवातीला जिभेला जड जातं, पण या दोन शब्दांनी निम्मे वाद मिटतात.

मिटल्या मिटल्या बोलणं

रात्री दीड वाजता पुस्तक संपतं आणि आपण लगेच कुणाला तरी लांबलचक मेसेज करतो. तेव्हा शेवटच्या वीस पानांचा अंमल असतो. आधीची दोनशे पानं त्याखाली दबलेली असतात. मी त्या रात्री तीन ओळी वहीत लिहिते आणि चार दिवसांनी पुन्हा तीन. दोन्हींत फरक पडला असेल तर तो फरकच सांगते: "संपलं तेव्हा रडले, आता वाटतं शेवट ओढून आणलाय." मत बदललं हे सांगण्यात कमीपणा नाही. महिनाभर थांबू मात्र नका, नावंही आठवत नाहीत.

बोली आणि अनुवाद

"बोलीभाषा आहे, त्यामुळे जड गेलं" हे ठाण्या-मुंबईच्या वाचकाचं नेहमीचं मत. पहिली दहा पानं मोठ्याने वाचा. डोळ्यांना अडणारे शब्द पुष्कळदा कानाला ओळखीचे निघतात, आजीच्या नाहीतर गावाकडच्या मामाच्या तोंडचे. त्यानंतरही जड गेलं तर खुशाल सांगा, पण कोणता उतारा अडला तेही सांगा. अनुवादित कादंबरीबद्दल बोलताना अनुवादकाचं नाव घ्यायचं विसरू नका. जी मराठी तुम्हाला आवडली किंवा खटकली ती त्यांनी लिहिलेली आहे.

मतं जुळली नाहीत की

"तुम्हाला ते कळलंच नाही" हे वाक्य आमच्याकडे आता कुणी उच्चारत नाही. त्या एका वाक्यामुळे एक वाचक तीन महिने आल्या नव्हत्या. त्याऐवजी "हे तुम्हाला कुठल्या पानावर वाटलं?" असं विचारतो. गप्प बसणाऱ्याला "कसं वाटलं?" असं विचारलं तर "छान" एवढंच येतं. "कुठे कंटाळा आला?" असं विचारलं की तो बोलतो.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावरही बोलता येतं. कुठे सोडलं तेवढं सांगावं. गेल्या पावसाळ्यात एक काका तीन पिढ्यांच्या एका जाडजूड कादंबरीबद्दल म्हणाले, "मी 84 व्या पानावर थांबलो. पुढे जाववेना." ती वाचलेल्या दोघींनी लगेच पुस्तक उघडलं. त्या पानावर आजोबांचंच नाव असलेला नातू येतो आणि कोण कुणाशी बोलतंय ते कळेनासं होतं. त्या दोघीही तिथेच अडखळल्या होत्या, पण आपलंच लक्ष नव्हतं असं समजून पुढे गेल्या होत्या. मग कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही त्या घराची वंशावळ काढली. काकांनी पुढच्या महिन्यात कादंबरी संपवली आणि पुस्तक ग्रंथालयात परत करताना तो कागद आत तसाच ठेवला, 84 व्या पानाशी.