अभ्यासाची शिस्त मोडते तेव्हा या चुका टाळा

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "माझ्यात विलपॉवरच नाही." गावाकडून आलेलं लेकरू, घरच्यांनी सोयाबीनच्या पैशातून भरलेली फी आणि पंधरवड्यात कोलमडलेलं वेळापत्रक. मग ते स्वतःला आळशी ठरवून मोकळं होतं. मला हे फार लागतं. बहुतेक वेळा खोट स्वभावात नसते. सवय मेंदूत कशी बसते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मन लागायची वाट पाहणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. नवं काम करताना कपाळामागचा मेंदू, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, राबत असतो. तेच काम त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा पुन्हा झालं की कारभार हळूहळू मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लियाकडे जातो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात मेंदूशास्त्रज्ञ ॲन ग्रेबिएल यांनी उंदरांना इंग्रजी 'टी'च्या आकाराच्या वाटेवर पळवून हे तपासलं. सुरुवातीला या भागातल्या पेशी वाटभर सक्रिय असायच्या. सवय लागल्यावर त्या मुख्यतः वाटेच्या सुरुवातीला आणि शेवटी सक्रिय दिसू लागल्या. मधला प्रवास आपोआप होऊ लागला.

म्हणून जोर द्यायचा तो सुरुवातीच्या खुणेवर. "रोज सहा तास अभ्यास" या संकल्पाला खूणच नाही. "मेसवरून आलो की चप्पल काढून थेट फिजिक्सची वही उघडायची" याला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 'अमुक झालं की तमुक करीन' अशा ठरावांचा बराच अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात. गावात राहून तयारी करणाऱ्यांनी तर खूण घड्याळाला बांधूच नये. सात वाजता लाइट असेलच असं नाही. सकाळचा चहा मात्र रोज होतो.

एकवीस दिवस मोजणं

'२१ दिवसांत सवय लागते' असं सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ वेगळंच आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननी १९६० साली लिहिलं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळालं, चेहराही गळाला आणि आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. व्यायामाच्या सवयीला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे उठणाऱ्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं. बाविसाव्या दिवशी अंग जड वाटलं म्हणजे काही चुकलं असं नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकल्यानं सवयीच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. "कालचा दिवस गेला, आता पुढच्या सोमवारपासून" म्हणत आठवडा घालवणं महागात पडतं.

बक्षीस वर्षभर लांब ठेवणं

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत फळांचा रस अनपेक्षित मिळाला की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी उसळायच्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडं शिकली, तशी ती उसळी दिव्याकडे सरकली. दिवा लागूनही रस मिळाला नाही तर पेशी नेहमीपेक्षा मंदावायच्या. म्हणजे डोपामिन निव्वळ सुखाचं रसायन नाही. अपेक्षा आणि मिळकत यांतला फरक ते मेंदूला कळवतं.

नीटचा निकाल वर्षभर लांब आहे, आजच्या अभ्यासानं मेंदूला तसा काही निरोप जात नाही. पुढची रील कशी निघेल हे मात्र ठाऊक नसतं, म्हणून अंगठा थांबत नाही. तेव्हा प्रत्येक धडा झाला की भिंतीवरच्या कागदावर बरोबरची खूण करा, मगच चहाला उठा. फोन टेबलावर उलटा ठेवून भागत नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि 'डोपामिन डिटॉक्स'च्या, म्हणजे काही दिवस सगळी मजा बंद ठेवून मेंदू 'साफ' करायच्या नादी लागू नका. डोपामिन उपास करून बाहेर काढायची गोष्ट नव्हे.

झोप मारून शिस्त आणणं

इच्छाशक्ती वापरली की संपते, हा विचार १९९८ पासून गाजला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. अपुऱ्या झोपेचा परिणाम मात्र खरा आहे. जागरणानं नेमका तो कपाळामागचा मेंदूच ढिला पडतो.

सुट्टीनंतर स्वतःला दोष देणं

दिवाळीला गावी गेलं, कापूस वेचला, एखादं लग्न झालं. परतल्यावर पुस्तक हातात धरवत नाही. जागा बदलली की खुणा सुटतात, त्यामुळे हे होणारच. शिवाय जुनी सवय पुसली जात नाही, फक्त दबते. रान नांगरलं तरी हरळीची मुळं खाली राहतात, तशी ती जुन्या जागी, जुन्या सोबत्यांत पुन्हा डोकं काढते. म्हणून गावासाठी वेगळी, छोटी खूण आधीच ठरवून जा: संध्याकाळी चहा झाला की ओट्यावर वीस मिनिटं उजळणी. रूमवर परतल्यावर पहिले चार दिवस तेवढंच करा, मग वाढवा.

घरच्यांनाही एक विनंती. फोनवर "टेस्टला मार्क किती पडले?" याआधी "आज वेळेवर बसलास का, बाळा?" एवढं विचारा. मार्क त्याच्या हातात आज नाहीत, बसणं आहे.